सराउंड स्पीकर नक्की कोणासाठी?



बहरीनमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी, बाहेर उकाडा आणि घरात सिनेमा. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा वीकेंड असाच जातो. त्यामुळे कुणाकडेही जा, हॉलमध्ये पाच स्पीकर आणि एक सबवूफर दिसायची शक्यता बरीच. पुढचे तीन टीव्हीभोवती व्यवस्थित मांडलेले असतात. मागचे दोन मात्र जिथे वायर पोचली तिथे! कुणाकडे सोफ्याच्या हाताला लागून, कुणाकडे जमिनीवर, कुणाकडे तर चक्क टीव्हीच्याच शेजारी.

याबद्दल माझं मत सरळ आहे. घरच्या हॉलमधले सराउंड स्पीकर मधल्या जागेवर बसणाऱ्या हौशी इंजिनियरसाठी लावायचे नसतात, सोफ्याच्या कडेला बसणाऱ्या माणसासाठी लावायचे असतात.

आधी पुस्तकी नियम बघू. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.७७५ या शिफारशीप्रमाणे ५.१ मध्ये पुढचे डावे-उजवे स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेच्या जरासे मागे. उत्तम नियम आहे, पण त्यात ऐकणारा मधोमध बसलाय आणि पाचही स्पीकर सारख्या अंतरावर आहेत असं धरलंय. आमच्या अदलियातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, एका बाजूला किचनकडे जायचा पॅसेज, दुसरीकडे काचेचं दार. आणि सोफ्यावर माणसं चार. आता ११० अंश कुणाच्या कानापासून मोजायचे?

थिएटरवाल्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. सीफ मॉलला किंवा कोथरूडच्या सिटी प्राईडला गेलात तर बाजूच्या भिंतींकडे बघा. स्पीकर एक नाही, रांगेने अनेक आहेत आणि डोक्याच्या बरेच वर आहेत. कारण तिथे शेकडो लोकांना ऐकवायचं असतं. आपल्याला रांग परवडणार नाही, पण उंची तर फुकट आहे!

थोडा हिशोब करू (सवय जात नाही :-)). समजा स्पीकर कानाच्या उंचीवर आहे. कडेचा माणूस त्यापासून अर्ध्या मीटरवर, दुसऱ्या टोकाचा अडीच मीटरवर. अंतराची पट पाच, म्हणजे आवाजात सुमारे १४ डेसिबलचा फरक. तोच स्पीकर कानापेक्षा एक मीटर वर चढवला की अंतरं होतात साधारण १.१ आणि २.७ मीटर, आणि फरक उरतो साडेसात डेसिबलच्या आसपास. भिंतींवरून आवाज परततो म्हणून प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमी भरतील, पण मुद्दा तोच. एक पैसा न खर्चता कडेच्या माणसाच्या कानावरचा मारा निम्म्यावर येतो.

आता हा कडेचा माणूस कोण ते बघा. आपल्याकडे दोन-तीन महिन्यांसाठी आलेले आई-बाबा बहुतेक वेळा सोफ्याच्या टोकालाच बसतात, उठायला सोपं पडतं म्हणून. वयाबरोबर वरच्या पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येतात, आणि क, त, स सारखी व्यंजनं ओळखायला तेच लागतात. त्यात कानाशेजारी पाऊस, गर्दी, गाड्या वाजत असतील तर समोरच्या मधल्या स्पीकरमधून येणारे संवाद त्यांना कळणार कसे? मग सुरू होतं, "आवाज कमी कर रे", आणि दोन मिनिटांनी, "काय म्हणाला तो?" चार वेळा विचारून झालं की मंडळी "तुम्ही बघा" म्हणत आत जातात आणि मोबाईलवर मालिका लावतात. हजारो मैलांवरून आलेली माणसं एका स्पीकरच्या जागेमुळे दुसऱ्या खोलीत बसायची असतील, तर त्या होम थिएटरचा उपयोग काय?

म्हणून माझा क्रम असा:

१. सोफा भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढा. जमत नसेल तर सराउंड मागे नकोत, बाजूच्या भिंतींवर घ्या.

२. बसल्यावर कानाच्या दोन-तीन फूट वर लावा, आणि तोंड थेट जवळच्या माणसावर नको, समोरच्या भिंतीकडे ठेवा. भिंतीला भोक पाडायचं तर घरमालकाला आधी विचारा. नाहीतर उंच कपाटाचा माथा चालतो. लहान मुलं असतील तर उंच, डगमगणारा स्टँड नको.

३. पॅसेजच्या बाजूला भिंतच नसेल तर तिथला स्पीकर थोडा पुढेमागे झाला तरी चालेल. अंतर आणि पातळी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जुळवता येते. वायरलेस घेतलात तरी बहुतेकांना प्लग लागतोच, तेव्हा आधी सॉकेट बघा.

४. मधला स्पीकर टीव्हीच्या कपाटात कोंबू नका. कडेला आणा, तोंड किंचित वर करा.

५. टाईल्सच्या फरशीवर आवाज घुमतो. एक जाड गालिचा आणि जाड पडदा लावा.

६. शेवटी टेस्ट टोन लावून स्वतः कडेला बसा. सराउंड टोचत असेल तर दोन-तीन डेसिबल खाली आणा. मधल्या जागेवरचा परिणाम थोडा कमी होईल, होऊ द्या.

काही जण म्हणतील, आता डॉल्बी अ‍ॅटमॉस आहे, छतातून आवाज येतो, पाच स्पीकरचं काय घेऊन बसलात? अ‍ॅटमॉस सिनेमागृहात २०१२ मध्ये आणि घरात २०१४ पासून आलं, आणि छान आहे. पण बाजूचे दोन चुकीच्या जागी असतील तर वरचे चार ते दुरुस्त करत नाहीत. शिवाय आपण मराठी सिनेमे बघतो त्यात संवादालाच महत्त्व. 'श्वास' (२००४) किंवा 'कोर्ट' (२०१४) बघताना हेलिकॉप्टर डोक्यावरून जायची गरज नसते. आजोबा हलक्या आवाजात काय बोलले ते सगळ्यांना कळलं पाहिजे.

स्पेसिफिकेशन मधल्या खुर्चीसाठी लिहिलेलं असतं, घर मात्र सगळ्या सोफ्याचं असतं. पटलं नाही तर जरूर कळवा, वाद घालायला मजा येईल.

कळावे, लोभ असावा.

अदलियाहून एक हौशी ऐकणारा