रेवडीनंतरची पायरी

आमच्या वऱ्हाडात यात्रेची दंगल रेवड्यांवर सुरू होते. सात-आठ वर्षांची पोरं लंगोट लावून मातीत उतरतात आणि जिंकणाऱ्याच्या ओंजळीत मूठभर रेवड्या पडतात. मग नारळाची कुस्ती, मग शंभराची, पाचशेची, आणि दिवस कलला की मानाची. पोरगं दहा-बारा वर्षं या पायऱ्यांवर पडत-उठत वर येतं. पुढे तालुका, जिल्हा आणि नशीब जोरावर असेल तर महाराष्ट्र केसरी. चाळीसगावकडचे विजय चौधरी केसरी होऊन पोलीस उपअधीक्षक झाले, हे ऐकूनच तर कितीतरी बाप पोराच्या खुराकासाठी दावणीला म्हैस बांधतात.

दुसरबीडच्या भरत खंडारेची गोष्ट सांगायची तर या पायऱ्यांपासूनच सुरुवात करायला हवी. मूळचा आपल्या सिंदखेडराजा तालुक्यातला हा पोरगा कुस्तीतून मिक्स्ड मार्शल आर्ट्सकडे, म्हणजे एमएमएकडे वळला. ठोसे, लाथा, पट, गळा आवळणं, सगळं एकाच जाळीच्या पिंजऱ्यात. २०१७ मध्ये यूएफसी या जगातल्या सगळ्यात मोठ्या अमेरिकी संस्थेने त्याच्याशी करार केला. भारतात राहून लढणाऱ्या कुणाला हा मान तोवर मिळाला नव्हता. ‘पहिला भारतीय’ म्हणून मथळे झळकले.

२५ नोव्हेंबर २०१७, शांघाय. भरत अठ्ठावीस वर्षांचा, समोरचा सोंग यादोंग विशी गाठायला आठवडा कमी. पहिला राउंडही पुरा झाला नाही. सोंगने गळ्याला गिलोटीन लावला आणि लढत संपली. यूएफसीतली भरतची ती एकमेव लढत. मथळे देणारे दुसऱ्या दिवशी क्रिकेटकडे वळले.

गिलोटीन म्हणजे काय, ते कुस्तीवाल्यांना दोन वाक्यांत कळेल. दुहेरी पटाला जाताना आपण वाकून समोरच्याच्या मांड्यांना मिठी मारतो, तेव्हा डोकं त्याच्या काखेजवळ येतं. कुस्तीत तिथे गळा दाबायला बंदी आहे; पिंजऱ्यात तीच संधी असते. तो काखेत मान धरतो, मनगट गळ्याखाली सरकवतो आणि कंबर पुढे काढतो. म्हणजे ज्या डावावर आपला मल्ल मोठा होतो, त्याच डावाच्या वाटेवर हा फास टांगलेला असतो. मातीतलं शहाणपण पिंजऱ्यात नेताना त्यातलं थोडं विसरावं लागतं, आणि ते विसरायलाही काही वर्षं आणि बऱ्याच लढती लागतात.

नेमक्या त्याच आपल्याकडे नव्हत्या. सोंग वयाने लहान, पण त्याच्या मागे डझनभर व्यावसायिक लढती होत्या. त्याच्या नारळाच्या आणि शंभराच्या कुस्त्या झालेल्या होत्या. आपण मात्र रेवडीवरून थेट मानाच्या कुस्तीला पोरगा उभा केला आणि हरल्यावर म्हणालो, जमलं नाही बुवा. मला यात भरतचा दोष कमी आणि आपला जास्त दिसतो.

पुरावा पुढच्या सात वर्षांत आहे. चीनमध्ये यूएफसीने २०१९ साली शांघायलाच मोठं प्रशिक्षण केंद्र उघडलं. त्याच वर्षी झांग वेइली चीनची पहिली विजेती झाली. आपल्याकडे २०१९ मध्येच मुंबईत मॅट्रिक्स फाइट नाइट सुरू झाली. तिथे लढून तयार झालेली उत्तर प्रदेशची पूजा तोमर ८ जून २०२४ रोजी अमेरिकेत लुइव्हिलला यूएफसीची लढत जिंकली. यूएफसीत जिंकणारी ती पहिली भारतीय. मधली पायरी बांधली की माणूस वर चढतो, इतकं हे साधं आहे.

पण पायरी बांधायची कुणी? पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने मल्लांना मानधन देत आले. आमच्या दुसरबीडचा जिजामाता कारखानाच बंद पडला, तो पैलवान कुठून पोसणार? शिवाय पिंजऱ्यातल्या लढवय्याला पगार नसतो. त्या काळी यूएफसीतल्या नवख्याचा करार साधारण असा असायचा: लढण्याचे दहा हजार डॉलर, जिंकला तर आणखी तेवढेच. प्रशिक्षक, खुराक, दुखापतीनंतरचे रिकामे महिने, सगळं त्याच्याच खिशातून. केसरीला निदान नोकरीची आशा तरी असते.

आता एक दार किलकिलं झालं आहे. २०२६ च्या आइची-नागोया आशियाई स्पर्धेच्या कार्यक्रमात एमएमए पहिल्यांदाच आलं. खेळ पदकाचा झाला की सरकारी फायली हलतात, हा आपला जुना अनुभव आहे. त्या हलल्याच, तर मुंबई-पुण्यात आणखी एक चकचकीत संकुल मागू नका. पोरांना पट शिकवणारे वस्ताद आमच्याकडे गावोगाव आहेत. पटाला जाताना मान कशी राखायची, हे शिकवणारा एक माणूस आणि एक मॅट बुलढाण्याला द्या. आणि वर्षाकाठी चार लढती भरवा, नारळावरच्या का होईना.