मजुरीवर बट्टा

मुखेडकडच्या जुन्या माणसांना ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले, इंग्रजी मुलखात कलदार. भाव साधारण सात हालीला सहा कलदार. हद्द ओलांडली की सराफाची पायरी चढायची आणि तो कापेल तो बट्टा सोसायचा. व्यापारी हा बट्टा मालाच्या किमतीत घाली. सोलापूरच्या गिरणीत राबून गावी परतणाऱ्यानं तो कशात घालायचा? आणि इथं तर दोन्ही नाण्यांच्या पाठीशी एकेक सरकार उभं होतं.

आता पगारच क्रिप्टोत द्यावा, असं सुचवणारे निघाले आहेत. पैसा झटकन पोहोचतो, बँकेचा खर्च वाचतो, म्हणे. परदेशी कंपनीचं काम पुण्यात बसून करणाऱ्या तरुणानं स्वखुशीनं पगारातला चतकोर तसा घेतला, तर आमची तक्रार नाही. बुडाला तरी त्याची चूल पेटेल. न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर एरिक अ‍ॅडम्स यांनी जानेवारी 2022 मध्ये पहिला पगार असाच घेतला. गंमत अशी की, नियमामुळे पालिकेला तो डॉलरमध्येच द्यावा लागला. क्रिप्टो त्यांनी नंतर घेतलं. वर्ष सरेपर्यंत बिटकॉइनचा भाव निम्म्याच्याही खाली आला. महापौरांचं काही अडलं नाही.

आपल्याकडे 1936 च्या वेतन कायद्यानंच सांगून ठेवलं होतं की मजुरी चलनी नाण्यांत किंवा नोटांत द्यायची. धान्याचं पोतं किंवा मालकाच्या दुकानाची चिठ्ठी म्हणजे मजुरी नव्हे. (तेव्हा निजामाच्या हद्दीतलं मुखेड या कायद्याबाहेर होतं, ही गोष्ट वेगळी.) 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत धनादेश, बँक खातं आणि इलेक्ट्रॉनिक पद्धत यांची भर आहे. या शेवटच्या शब्दावर कुणी क्रिप्टोचं खोगीर चढवू नये. ती रुपया पोहोचवायची वाट आहे, रुपयाचा पर्याय नाही.

शिवाय क्रिप्टोचं टोकन कुणाचं, हाही प्रश्न आहेच. ‘गेन बिटकॉइन’ योजनेत महाराष्ट्रातल्या अनेकांनी बिटकॉइन गुंतवले, दरमहा दहा टक्क्यांच्या आशेनं. पुढे परतावा आला तो योजनावाल्यांच्याच ‘एमकॅप’ नावाच्या टोकनमध्ये, ज्याची किंमत बिटकॉइनच्या पासंगालाही पुरत नव्हती. मालकानं स्वतःच नाणं पाडलं आणि स्वतःच त्याचा भाव ठरवला, तर मजुरानं दाद कुणाकडे मागायची?

मुखेड-कंधारहून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला नवरा-बायकोचे कोयते निघतात. मुकादमाची उचल रोख रुपयांत घेतलेली असते, तीही बहुधा लग्नात किंवा दवाखान्यात संपलेली. टनाचा भाव ठरलेला, नोटा ओळखीच्या. तरीही हंगाम संपून पट्टा पडल्यावर हिशेबाला बसलं की जोडप्याच्या अंगावर बाकी निघते आणि ती पुढच्या हंगामावर जाते. हिशेबाच्या त्या वहीत आता रोज बदलणाऱ्या भावाचा आणखी एक रकाना पडला, तर तो वाचून दाखवणार मुकादमच.