अमेरिकेचे मत आणि आपले अंदाज

अमेरिकेविषयी आपल्या घरांत साधारण दोनच मते ऐकू येतात. एक असे, की तो देश इस्लामचा दुश्मन आहे, तिथे हिजाब घालून रस्त्याने चालणेही कठीण. दुसरे मत ज्यांचा मुलगा किंवा भाचा न्यू जर्सीला, शिकागोला नोकरी करतो त्यांचे. तिथे कोणी कोणाचा धर्म विचारत नाही, मशिदी भरलेल्या असतात, जुम्याला गाडी लावायला जागा मिळत नाही. दोघेही खरेच बोलतात, पण दोघांनी अमेरिका आपापल्या खिडकीतून पाहिलेली असते. तिथला सामान्य माणूस काय मानतो, हे मात्र तिथे वर्षानुवर्षे लोकांना विचारून मोजले जाते आणि ते आकडे सर्वांसाठी खुले असतात. या वेळी आम्ही ते वाचायला घेतले.

काही वाचक म्हणतील, हजार-दोन हजार लोकांना विचारून चौतीस कोटींचे मत कसे कळणार? शंका रास्त आहे. १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाकडे वीस लाखांहून अधिक मतपत्रिका परत आल्या आणि त्यावरून त्याने रूझवेल्ट हरणार असे छापले. जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने मूठभर लोकांना विचारले आणि रूझवेल्ट जिंकणार असे सांगितले. रूझवेल्ट प्रचंड मतांनी जिंकले. किती जणांना विचारले यापेक्षा कोणाकोणाला विचारले, याला जास्त महत्त्व असते. डाळ शिजली की नाही हे पाहायला आपल्या घरातल्या बायका चार दाणे दाबून बघतात, फक्त आधी पातेले नीट ढवळलेले हवे.

आता सर्वांत चकित करणारी गोष्ट. मार्च २००१ मध्ये प्यू या संशोधन संस्थेने विचारले, अमेरिकन मुसलमानांबद्दल तुमचे मत चांगले आहे का? ४५ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. मग ११ सप्टेंबरचा हल्ला झाला. नोव्हेंबरमध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा ‘हो’ म्हणणारे ५९ टक्के झाले होते. वाचताना आम्हालाही आधी छपाईची चूक वाटली. पण कारण शोधले तर सापडते. हल्ल्यानंतर सहाव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, राष्ट्राध्यक्ष बुश वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरमध्ये गेले आणि हल्लेखोर म्हणजे इस्लाम नव्हे, हे त्यांनी देशासमोर सांगितले. मत सर्वांत जास्त सुधारले ते त्यांच्याच पक्षातल्या पुराणमतवादी लोकांमध्ये. आपल्या नेत्याने सांगितले आणि त्यांनी ऐकले.

याचा अर्थ त्या दिवसांत सारे आलबेल होते असे नाही. मुसलमानांविरुद्धच्या द्वेषमूलक गुन्ह्यांच्या नोंदी एफबीआयकडे २००० साली २८ होत्या, त्या २००१ मध्ये ४८१ झाल्या. मुसलमान समजून ॲरिझोनात एका शीख दुकानदाराला गोळी घालून मारले. आणि ज्या बुश यांनी मशिदीत जाऊन चांगले शब्द बोलले, त्यांनीच दोन वर्षांनी इराकवर फौजा पाठवल्या. ते आम्ही विसरलेलो नाही, वाचकांनीही विसरू नये.

पण मुद्दा वेगळा आहे. इस्लाम इतर धर्मांपेक्षा हिंसेला जास्त चिथावणी देतो, असे मानणारे मार्च २००२ मध्ये २५ टक्के होते. २०१४ मध्ये ते ५० टक्के झाले. म्हणजे जखम ताजी असताना जे मत बनले नाही, ते बारा वर्षांत बनवले गेले. बनवले गेले, हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. २०१० साली न्यूयॉर्कमध्ये हल्ल्याच्या जागेजवळ इस्लामी केंद्र उभारण्याच्या बेतावरून निवडणुकीच्या उन्हाळ्यात रान पेटवले गेले. त्याच नोव्हेंबरमध्ये ओक्लाहोमा राज्यात, जिथे मुसलमान लोकसंख्येत नावालाच आहेत, न्यायालयांनी शरियतचा विचार करू नये अशी दुरुस्ती मतदानाला ठेवली आणि सुमारे ७० टक्के लोकांनी ती मंजूर केली. शरियत लागू करा, अशी मागणी तिथे कोणी केलीच नव्हती! तिथल्याच एका मुसलमान नागरिकाने दावा लावला. त्याचे म्हणणे साधे होते, माझे वसियतनामे शरियतप्रमाणे आहे, ते न्यायालय वाचणार की नाही? केंद्रीय न्यायालयाने आधी दुरुस्तीला स्थगिती दिली आणि २०१३ मध्ये ती रद्दच केली. सत्तर टक्के एकीकडे आणि एक माणूस दुसरीकडे, तरी संविधानाच्या बळावर तो टिकला.

अमेरिका स्वतः किती धार्मिक उरली आहे? प्यूच्याच मोठ्या पाहणीत २००७ साली ७८ टक्के प्रौढ स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते, २०२३-२४ मध्ये ६२ टक्के. कोणताच धर्म न सांगणारे १६ वरून २९ टक्क्यांवर गेले. मुसलमान सुमारे एक टक्का. तरीही २०२२ मध्ये ४५ टक्के लोकांनी सांगितले, की अमेरिका ‘ख्रिस्ती राष्ट्र’ असावी. आणि त्याच पाहणीत ७७ टक्के म्हणाले, चर्चने निवडणुकीत उमेदवाराला पाठिंबा देऊ नये. लोकांच्या मनात अशा दोन गोष्टी शेजारी शेजारी राहतात.

गर्भपाताचा वाद तर त्या देशाला पन्नास वर्षे चिरत आला आहे. आज वाटते की पुराणमतवादी प्रोटेस्टंट पहिल्यापासून त्याच्या कडव्या विरोधात असतील. पण सदर्न बॅप्टिस्ट या त्यांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने १९७१ च्या ठरावात बलात्कार, गर्भातील गंभीर दोष आणि आईचे आरोग्य अशा कारणांसाठी कायद्याने मुभा असावी, असे म्हटले होते. १९७३ च्या निकालाने देशभर हक्क मिळाला, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला. त्यानंतर सहा आठवड्यांत रिपब्लिकनांचा गड असलेल्या कॅन्ससमध्ये मतदान झाले, तेव्हा सुमारे ५९ टक्के लोकांनी राज्यघटनेतील हक्क काढायला नकार दिला. आपल्या फिकहमध्येही या मसल्यावर उलेमांत मतभेद आहेत. म्हणून तिथला मुसलमान यात कोणत्याच घोषणेच्या मागे पूर्ण जाऊ शकत नाही.

कुटुंबाच्या दृष्टीने आम्हाला सर्वांत जवळचे वाटले ते मेरीलँडमधील माँटगोमेरी काउंटीचे प्रकरण. तिथल्या सरकारी शाळांनी लहान वर्गांत समलिंगी विवाह आणि लिंगभावाच्या विषयांवरची गोष्टींची पुस्तके आणली. आधी पालकांना आपल्या मुलाला त्या तासापुरते बाहेर बसवता येत होते, २०२३ मध्ये ती सोय बंद झाली. मुसलमान, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पालक एकत्र कोर्टात गेले. महमूद विरुद्ध टेलर या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि जून २०२५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी पालक जिंकले. पुस्तकांवर बंदी आली नाही, मुलाला बाजूला ठेवण्याचा हक्क मात्र मिळाला. पालकांची मागणी रास्त होती असे आम्हाला वाटते. त्यांच्या बाजूने टाळ्या वाजवणाऱ्यांत मात्र मशिदींना विरोध करणारेही होते, हे त्या पालकांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. शिवाय अमेरिकेतला मुसलमान एकाच साच्यातला नाही. समाजाने समलैंगिकता स्वीकारावी, असे म्हणणारे तिथले मुसलमान २००७ मध्ये २७ टक्के होते, २०१७ मध्ये ५२ टक्के. इथल्या अनेक आई-बाबांना हा आकडा बोचेल. नातवंडे तिथे वाढत असतील त्यांनी तो डोळ्यांआड करू नये. मुलांशी बोलावे, बोलणे बंद करू नये.

मतदानातही तेच. मिशिगनमधील डिअरबॉर्न हे अरब वस्तीचे शहर. २०२० मध्ये तिथे बायडन मोठ्या फरकाने पुढे होते. गाझातल्या संहारानंतर, २०२४ मध्ये, त्याच शहरात ट्रम्प पहिले आले, हॅरिस मागे पडल्या आणि जिल स्टाइन यांनाही भरपूर मते पडली. काहींना हे शहाणपण वाटले, काहींना आत्मघात. गाझात ज्यांचे नातेवाईक गेले त्यांच्या मतपत्रिकेचा न्याय इथे बसून करणे आम्हाला जमत नाही.

शेवटी परिचयाची गोष्ट. प्यूने शून्य ते शंभर अंशांच्या मापावर विचारले, अमुक धर्माच्या लोकांबद्दल तुम्हाला किती आपुलकी वाटते? २०१४ मध्ये मुसलमानांना सरासरी ४० अंश मिळाले, सर्व धर्मगटांत सर्वांत कमी. पण जे एखाद्या मुसलमानाला प्रत्यक्ष ओळखत होते, त्यांनी ४९ दिले आणि न ओळखणाऱ्यांनी ३५. २०१७ मध्ये सरासरी ४८ झाली. मुसलमान उमेदवार राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला तर मत द्याल का, असे गॅलपने २०१५ मध्ये विचारले, तेव्हा ६० टक्के ‘हो’ म्हणाले. १९३७ साली कॅथलिक उमेदवाराबद्दल विचारले होते, तेव्हाही ६० टक्केच ‘हो’ म्हणाले होते. १९६० मध्ये केनेडी निवडून आले. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कने, जिथे ते दोन मनोरे पडले त्याच शहराने, जोहरान ममदानी यांना महापौर केले. त्यांचे वडील महमूद ममदानी यांचा जन्म आपल्या मुंबईचा.