विश्लेषण : मोबाइलवर विमान बांधा, ऑटोपायलटही लिहा... ‘सिंपलप्लेन्स’सारख्या खेळांतून खरे विमानशास्त्र कितपत कळते?

विमान उडवण्याचे खेळ जुनेच आहेत. मात्र गेल्या दशकभरात या खेळांची एक वेगळी शाखा रुजली. त्यात तयार विमान मिळत नाही. पंख, इंजिन, शेपटी, चाके, इंधनटाकी असे सुटे भाग जोडून ते स्वतः बांधावे लागते. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे हे विमान आपोआप उडावे यासाठी सूत्रे लिहिणे. अमेरिकेतील ‘जुंद्रू’ या छोट्या कंपनीचा ‘सिंपलप्लेन्स’ हा या प्रकारातील परिचित खेळ, तो साध्या स्मार्टफोनवरही चालतो. विमान अपघात, ड्रोन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर उडणारी लढाऊ विमाने यांची चर्चा घरोघरी होत असताना अशा खेळांतून नेमके काय शिकता येते आणि काय नाही, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

खेळात विमान ‘बांधायचे’ म्हणजे काय?

खेळाडूसमोर एक रिकामे कार्यशाळेसारखे पटल असते. तेथे भाग जोडत गेले की पडद्यावर तीन रंगीत खुणा दाखवता येतात. लाल खूण विमानाच्या गुरुत्वमध्याची, निळी पंखांमुळे मिळणाऱ्या उचलीच्या केंद्राची आणि पिवळी इंजिनाच्या रेट्याची. विमान उडेल की कोलांटी घेईल, याचे उत्तर बहुतांश या तीन खुणांच्या जागांवर ठरते.

निळी खूण लाल खुणेच्या थोडी मागे असेल तर विमान स्थिर राहते. वाऱ्याच्या झोताने नाक वर गेले की पंखांची उचल वाढते, ती गुरुत्वमध्याच्या मागे लागत असल्याने शेपटीकडचा भाग उचलला जातो आणि नाक पुन्हा खाली येते. निळी खूण पुढे गेली की हाच परिणाम उलटतो. नाक थोडे वर गेले की आणखी वर जाते. नवख्या खेळाडूंची पहिली विमाने धावपट्टी सोडताच उलटतात, त्यामागे बहुतेकदा हेच कारण असते. इंधनटाकी पुढे वा मागे सरकवून ते दूर करता येते. खऱ्या विमानात सामान आणि प्रवासी कोठे बसवायचे याचा हिशेब उड्डाणापूर्वी केला जातो, तोही याचसाठी.

वजनाचा धडा कोणता?

पंखांची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला की उचल चौपट. यातून एक महत्त्वाचा हिशेब निघतो. एखादे विमान ताशी १०० किलोमीटरपेक्षा कमी वेगात हवेत तरंगू शकत नसेल आणि पंख तेच ठेवून त्याचे वजन दुप्पट केले, तर हा किमान वेग दुप्पट न होता सुमारे १४१ किलोमीटर होतो. मोठे इंजिन लावले, त्यासाठी मोठी टाकी लावली, तिच्या वजनासाठी पंख वाढवले आणि पंखांमुळे हवेचा रोध वाढला, या चक्रातून खेळाडूला जावेच लागते. विमानाची रचना ही तडजोडींची साखळी असते, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य येथे हाताला जाणवते.

स्वयंचलन कसे केले जाते?

‘सिंपलप्लेन्स’मध्ये ‘फंकी ट्रीज’ या गमतीदार नावाची सूत्रपद्धती आहे. विमानाचा कोणताही हलणारा भाग साधारणपणे बटणाने वा जॉयस्टिकने हलतो. त्याऐवजी तेथे गणिती सूत्र लिहिता येते. उंची, वेग, दिशा, नाकाचा कोन, कलण्याचा कोन, पंखांवर येणाऱ्या हवेचा कोन, उरलेले इंधन अशी मूल्ये त्या सूत्रात वापरता येतात. ठरावीक वेगाखाली फ्लॅप उघडणे किंवा ठरावीक उंचीनंतर चाके आत घेणे, हे एका ओळीत जमते.

खरी कसोटी उंची राखण्याची. समजा विमान ८०० मीटरवर आहे आणि ते १,००० मीटरवर न्यायचे आहे. फरक २०० मीटर. या फरकाला एका आकड्याने गुणून तो थेट शेपटीवरील एलिव्हेटरला दिला, तर एलिव्हेटर पूर्ण ताकदीने वळतो, नाक उभे राहते, वेग पडतो आणि विमान ‘स्टॉल’ होऊन कोसळते. त्यामुळे जाणकार खेळाडू काम दोन टप्प्यांत विभागतात. आधी उंचीतील फरकावरून नाकाचा हवा तो कोन ठरवायचा आणि त्याला, उदाहरणार्थ, १० अंशांची मर्यादा घालायची. मग प्रत्यक्ष कोन आणि हवा तो कोन यांतील फरकावर एलिव्हेटर हलवायचा. प्रत्यक्ष ऑटोपायलटही असेच एकात एक गुंफलेले असतात.

‘पीआयडी’ म्हणजे काय?

या खेळात ‘पीआयडी’ नावाचे तयार फलनही मिळते. कारखान्यातील भट्टीपासून ड्रोनपर्यंत सर्वत्र वापरले जाणारे हे तंत्र तीन प्रश्नांवर उभे आहे. आत्ता चूक किती आहे? ती किती काळ साचत आली आहे? आणि ती किती वेगाने बदलते आहे? पहिल्या उत्तरावरून मुख्य जोर ठरतो. केवळ त्यावर विसंबले तर विमान हव्या त्या उंचीच्या वर-खाली झोके घेत राहते. तिसरे उत्तर ब्रेकसारखे काम करते, लक्ष्य जवळ येताच जोर कमी करते. इंधन संपत गेल्याने तोल बदलला आणि विमान सतत २० मीटर खालीच राहू लागले, तर ती उणीव दुसरे उत्तर भरून काढते.

या तिन्हींना किती वजन द्यायचे, हे ठरवण्यात खेळाडूंचे तासन् तास जातात. एक चिन्ह उलटे पडले, तर चूक कमी करण्याऐवजी विमान ती वाढवत नेते आणि काही सेकंदांत जमिनीवर आदळते.

हे तंत्र शतकभर जुने आहे. लॉरेन्स स्पेरी याने १९१४ मध्ये पॅरिसजवळ सीन नदीवर जायरोस्कोपच्या साह्याने स्थिर राहणारे विमान दाखवले. त्या वेळी त्याने सुकाणूवरचे दोन्ही हात वर केले होते. ‘पीआयडी’मागील गणिती मांडणी निकोलस मिनोर्स्की याने १९२२ मध्ये जहाजाच्या सुकाणूसंदर्भात केली.

अस्थिर विमान मुद्दाम का बांधतात?

निळी खूण पुढे गेली की विमान अस्थिर होते, हे वर पाहिले. पण असे विमान चपळही असते, कारण ते वळायला उत्सुकच असते. माणसाच्या हाताला ते सावरणे अवघड असले, तरी सेकंदात अनेकदा दुरुस्ती करणाऱ्या सूत्राला जमते. खेळाडू हा प्रयोग हौसेने करतात. भारताचे ‘तेजस’ हे लढाऊ विमानही याच तत्त्वावर आहे. त्याची स्थिरता मुद्दाम कमी ठेवलेली आहे आणि संगणक ते सतत सावरत असतो. वैमानिकाची कळ थेट पंखांना जोडलेली नसून ती संगणकाला सूचना देते. म्हणूनच ही यंत्रणा चार समांतर वाहिन्यांची आहे, एक बिघडली तरी उरलेल्या काम चालवतात. ‘तेजस’चे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले.

‘७३७ मॅक्स’च्या दुर्घटनांशी याचा काय संबंध?

खेळातल्या सूत्राला मिळणारी माहिती नेहमी अचूक असते. खेळ सांगतो की उंची ८०० मीटर आहे, तर ती तेवढीच असते. खऱ्या विमानात ही माहिती संवेदकाकडून येते आणि संवेदक बिघडतात. खेळ आणि वास्तव यांतील सर्वांत गंभीर फरक हाच.

बोईंग ‘७३७ मॅक्स’मधील ‘एमकॅस’ ही यंत्रणा तत्त्वतः साधी होती. पंखांवर येणाऱ्या हवेचा कोन धोकादायक वाटला की ती शेपटीचा आडवा पंख फिरवून विमानाचे नाक खाली करत असे. पण एका वेळी ती एकाच संवेदकावर विसंबत होती. त्याने चुकीचा आकडा दिला की यंत्रणा पुनःपुन्हा नाक खाली दाबत राहिली. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात लायन एअरचे आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे विमान कोसळले. दोन्ही दुर्घटनांत मिळून ३४६ जणांचा बळी गेला. जगभर ही विमाने जमिनीवर ठेवावी लागली. सुधारित यंत्रणा दोन्ही संवेदकांची तुलना करते, त्यांत मोठी तफावत असेल तर ती काम करत नाही. एकाच घटनेत वारंवार हस्तक्षेप करण्यालाही पायबंद घालण्यात आला.

स्वयंचलन शिकणाऱ्याने ‘सूत्र बरोबर आहे का’ यापेक्षा ‘त्याला मिळणारा आकडा चुकला तर काय होईल’ हा प्रश्न आधी विचारायला हवा. खेळातही तो विचारता येतो. मुद्दाम चुकीचे मूल्य देऊन विमान सावरते का, हे पाहता येते. यात पडद्याबाहेर कोणाच्या जिवाला धोका नसतो.

खेळाच्या मर्यादा कोणत्या?

फोनवर चालणाऱ्या खेळाला भौतिकशास्त्र सोपे करावेच लागते. पुढच्या पंखामागे खळबळलेली हवा शेपटीवर कसा परिणाम करते, पंख भाराखाली किती वाकतो, धातू थकतो कसा, बर्फ साचल्यावर काय होते, यांचा हिशेब तेथे साधारणपणे नसतो वा ढोबळ असतो. ‘एक्स-प्लेन’सारखे सिम्युलेटर पंखांचे छोटे तुकडे करून प्रत्येकावरील बल मोजतात. त्यासोबत विमान रचण्याचे स्वतंत्र साधनही मिळते. तरीही वाऱ्याच्या बोगद्यातील चाचण्या आणि प्रत्यक्ष चाचणी उड्डाण यांना पर्याय नाही. खेळातील तास वैमानिक परवान्यासाठी धरले जात नाहीत, त्यासाठी नियामकाने मान्य केलेलीच प्रशिक्षण साधने लागतात.

आणखी एक धोका समाजमाध्यमांतला. जून २०२५ मधील अहमदाबाद दुर्घटनेनंतर सिम्युलेटरवर बनवलेल्या अनेक चित्रफिती ‘असेच घडले’ अशा थाटात फिरल्या. सिम्युलेशनमध्ये गृहीत जे धरले जाते, त्यानुसारच निष्कर्ष निघतो. इंजिन बंद पडले असे आधीच ठरवून चालवलेली चित्रफीत इंजिन का बंद पडले हे सांगू शकत नाही. त्याचे उत्तर उड्डाण नोंदयंत्र आणि अवशेषांच्या तपासणीतूनच मिळते.

गंभीर संशोधनात असे खेळ वापरतात का?

वापरतात, पण निवडून. मेक्सिकोतील ‘स्क्वाड’ने बनवलेल्या ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ या रॉकेट-विमान बांधणीच्या खेळासाठी ‘नासा’ने २०१४ मध्ये आणि युरोपीय अंतराळ संस्थेने २०२० मध्ये सहकार्य केले. या खेळात चाहत्यांनी तयार केलेल्या ‘केओएस’ या जोडणीतून यान चालवण्यासाठी आज्ञावली लिहिता येते.

लष्करी वापर याहून पुढे गेला आहे. अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये घेतलेल्या आभासी हवाई लढाईत ‘हेरॉन सिस्टिम्स’च्या कृत्रिम बुद्धिमत्तेने अनुभवी एफ-१६ वैमानिकाला ५-० असे हरवले. ही लढत संगणकातच झाली आणि त्यात आज्ञावलीला अचूक माहिती आयती मिळत होती. पुढे ‘एक्स-६२ए’ या बदल केलेल्या एफ-१६ विमानावर प्रत्यक्ष हवेत असे प्रयोग झाले, ते मात्र सुरक्षा-वैमानिक बसवूनच.

भारतातील विद्यार्थ्यांना पुढची वाट कोणती?

खेळातून ‘पीआयडी’ कळले की पुढची पायरी ड्रोनची. ‘अर्डुपायलट’ हे ड्रोन आणि छोट्या विमानांसाठीचे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्याचा सिम्युलेटर लॅपटॉपवर चालतो आणि त्यात तीच तीन मूल्ये जुळवावी लागतात. तेथे वारा आणि संवेदकातील बिघाडही आणता येतो. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनसाठी आणि २ किलोपर्यंतच्या ड्रोनच्या अव्यावसायिक वापरासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मात्र विमानतळाजवळ आणि संवेदनशील भागांत निर्बंध आहेत, त्यामुळे उडवण्यापूर्वी ‘डिजिटल स्काय’वरील नकाशा पाहणे गरजेचे.

प्रत्यक्ष विमान बांधण्याची वाट मात्र लांब आहे. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात झळकले. त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी मिळायला ऑक्टोबर २०१९ उजाडले. खेळात ‘उडवा’ हे बटण दाबण्यापूर्वी कोणाची सही लागत नाही. खऱ्या आकाशात ती लागते, कारण खाली माणसे राहतात. ती प्रक्रिया सुटसुटीत व्हावी, ही हौशी बांधणाऱ्यांची मागणी रास्त आहे. पण प्रत्येक भाग आणि प्रत्येक सूत्र तपासून घेण्याला पर्याय नाही, हे ‘मॅक्स’च्या दुर्घटनांनी दाखवून दिले आहे.