उधारीत आलेले सूर

जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदांना अलीकडे पुन्हा बरे दिवस आले आहेत. दुपारीच दुकान मुलाच्या हाती सोपवायचे, पारनेरहून सुप्याला येऊन महामार्ग गाठायचा, चौविहाराचा डबा वाटेत शिरूरला सोडायचा आणि रात्री पुण्यातील एखाद्या नव्या, वातानुकूलित सभागृहात जाऊन बसायचे, असा बेत साठीतली मंडळी हौसेने आखतात. तीच गाणी घरी फुकट ऐकता येतात. मग तिकीट, गाडीचे इंधन आणि मध्यरात्रीचा परतीचा प्रवास, हा सारा खर्च नेमका कशासाठी?

याचे उत्तर कल्याणजी-आनंदजींच्या चरित्रात सापडते. कच्छमधून मुंबईला आलेल्या वीरजी शहा यांचे किराणा दुकान होते. त्यांच्या एका गिऱ्हाइकाला उधारी फेडता येईना, तेव्हा त्याने पैशांऐवजी मुलांना संगीत शिकवायचे कबूल केले, असे सांगितले जाते. कोणत्याही बँकेने असले तारण स्वीकारले नसते. पुढे १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटात ज्या पुंगीने अवघा देश डोलला, ती पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लेव्हिओलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्यातून तो ध्वनी काढला होता. ‘कल्याणजी वीरजी अँड पार्टी’ हा त्यांचा वाद्यवृंद. चित्रपटांत मोठे नाव झाल्यावरही या बंधूंनी रंगमंच सोडला नाही. देशात आणि परदेशांतही त्यांचे कार्यक्रम होत राहिले.

तबकडीच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे छापली जात. दोन कडव्यांमधली बासरी किंवा व्हायोलिन वाजविणारा बहुधा निनावी राहत असे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत गोव्याच्या वादकांचा वाटा फार मोठा होता. पाश्चात्त्य स्वरलिपी लिहिणारे आणि वाचणारे तेच. अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यामुळे, आणि ते गाताना बहुतेकांना ते नाव पटकथाकाराने रचलेले वाटले! प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र ते सुरांचे तुकडे वाजविणारे हात समोर दिसतात. तिकिटाचे पैसे खरे तर त्या हातांचे असतात.

सभागृहांची उणीव आता उरलेली नाही. पुण्यात १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उघडले, तेव्हा त्याचेच अप्रूप होते. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात सुरू झालेल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरच्या मोठ्या नाट्यगृहात सुमारे २,००० आसने आहेत. नगर जिल्ह्यातही प्रशस्त मंगल कार्यालये उभी राहिली आहेत. पण नेमक्या अशाच झगमगाटात कधी कधी गायकांच्या मागची जागा रिकामी दिसते. गायक खरे, वादन मात्र आधीच मुद्रित केलेले. ‘ट्रॅक’ म्हणतात तो हाच. वीस वादकांचे मानधन, प्रवास, भोजन, मुक्काम एका पारड्यात आणि खिशात मावणारा पेनड्राइव्ह दुसऱ्यात. हिशेब कोणाकडे झुकणार हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. क्लेव्हिओलिनही यंत्रच होते, परंतु त्यावर कल्याणजींची बोटे फिरत होती. वादकाला बोलावणेच थांबले, तर त्याचा मुलगा ते वाद्य हाती कशाला धरील?

लग्नाच्या आदल्या रात्रीचा संगीताचा कार्यक्रम असो वा समाजाचे स्नेहसंमेलन, सजावट आणि दिवे यांवर घरोघरी सढळ हाताने खर्च होतो. वाद्यवृंद ठरविताना किती वादक प्रत्यक्ष येणार, कोणती वाद्ये येणार आणि ट्रॅक किती गाण्यांना वापरणार, हे बयाणा देण्यापूर्वीच विचारून पावतीवर लिहून घ्यावे. ऐपत बेताची असेल तर पाचच वादक बोलवावेत. ढोलक, हार्मोनियम, बासरी, गिटार आणि व्हायोलिन एवढ्यांवरही दोन तास छान रंगतात. आणि शेवटी निवेदकाने गायकांबरोबर प्रत्येक वादकाचेही नाव घ्यावे, एवढी एक ओळ त्याच पावतीवर वाढवायला पैसे पडत नाहीत.