ई-२० पेट्रोल आणि इंजिनातील ‘लीन’ मिश्रण : दोष इंधनाचा की जुन्या गळतीचा?

नवी दिल्ली : देशातील पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०१४ मध्ये अवघे दीड टक्का होते, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर पोहोचले. मूळ उद्दिष्ट २०३० चे होते. या वेगाचे श्रेय सरकार घेत असतानाच गॅरेजांमध्ये एका तक्रारीची चर्चा वाढली आहे : गाडी उचल खात नाही, सिग्नलवर थरथरते, सकाळी उशिरा सुरू होते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनर जोडला की अनेकदा पी-०१७१ हा कोड दिसतो. इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळत आहे, म्हणजेच मिश्रण ‘लीन’ आहे, असा त्याचा अर्थ. मग ‘ई-२० ने इंजिन खाल्ले’ हा निष्कर्ष काढायला वेळ लागत नाही. दुसऱ्या बाजूने ‘काहीही परिणाम होत नाही’ असे ठामपणे सांगितले जाते. दोन्ही दावे तांत्रिक कसोटीवर अपुरे आहेत.

मुळात गणित साधे आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला केवळ ९ किलो पुरते, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. त्यामुळे ई-१० साठी हे प्रमाण १४.१ च्या आसपास, तर ई-२० साठी १३.५ च्या आसपास येते. शुद्ध पेट्रोलवर बेतलेल्या इंजिनात ई-२० भरल्यास, घनतेतील किंचित फरक जमेस धरूनही, सुमारे सात टक्के अधिक इंधन सोडावे लागते. ते सोडले नाही, तर मिश्रण तेवढ्या प्रमाणात लीन होते.

इंजेक्शन प्रणालीच्या मोटारी हे अधिकचे इंधन स्वतःच सोडतात. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि संगणक इंजेक्टर उघडे राहण्याचा काळ वाढवतो. या दुरुस्तीला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. ती शून्याच्या आसपास असणे उत्तम. अधिक दहाच्या पुढे गेल्यास तपास करावा, आणि बहुतेक प्रणालींत २० ते २५ टक्क्यांच्या सुमारास दिवा लागतो. म्हणजे ई-२० एकटे दिवा लावत नाही. मात्र दुरुस्तीसाठी उपलब्ध असलेल्या मर्यादेतील सहा-सात टक्के ते आधीच वापरून टाकते. पूर्वी खपून गेलेली, फुटलेल्या रबरी नळीतून होणारी हवेची लहानशी गळती आता ती मर्यादा ओलांडते. दोष जुनाच असतो, तो उघड होण्याचे निमित्त नवे असते.

निदानाची गुरुकिल्ली यातच आहे. इंधनामुळे वाढलेली ट्रिम आयडलिंगला, २५०० फेऱ्यांना आणि चढावर जवळपास सारखीच असते. इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा व्हॅक्यूम नळीतून बाहेरची हवा शिरत असेल, तर ट्रिम आयडलिंगला खूप वाढते आणि फेऱ्या वाढवताच खाली येते, कारण एकूण हवेच्या मानाने गळतीचा वाटा घटतो. उलट आयडलिंगला सारे ठीक, पण भार पडताच ट्रिम चढत असेल, तर संशय कमकुवत पंप, तुंबलेला फिल्टर, चोंदलेले इंजेक्टर किंवा मळलेला हवामापक सेन्सर यांच्याकडे वळतो. हवामापकाऐवजी मॅनिफोल्डमधील दाब मोजणाऱ्या अनेक छोट्या मोटारींत मात्र गळती लीन कोडऐवजी नुसत्या वाढलेल्या आयडलिंगमधूनच दिसू शकते. तेथे वरील नियम जसाच्या तसा लागू करता येत नाही.

प्रत्यक्षात पहिला बळी जातो तो ऑक्सिजन सेन्सरचा. कोड लीन सांगतो, म्हणून सेन्सर बदला, असा उपचार सर्रास होतो. वाईट बातमी आणणाऱ्या जासुदालाच सुळी देण्याचा हा प्रकार. सेन्सर बहुधा खरे सांगत असतो. अपवाद एक : सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टला भोक असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन तो फसतो. इनटेकमध्ये धूर सोडून गळती शोधणे आणि पंपाचा दाब गेजने मोजणे, या दोन चाचण्या सेन्सरच्या किमतीपेक्षा स्वस्त पडतात. गाडी अनेक आठवडे उभी असल्यास टाकीच्या तळाशी पाणी साचले आहे का, हेही पाहणे इष्ट. पाणी मिसळताच इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन खाली बसू शकते.

खरा प्रश्न मोटारींचा नसून दुचाकींचा आहे. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज-६ निकष लागू होईपर्यंत बहुतेक दुचाकी कार्ब्युरेटरवर चालत होत्या. कार्ब्युरेटरला सेन्सर नाही, संगणक नाही. जेटचे भोक जेवढे, तेवढेच पेट्रोल. अशा इंजिनात मिश्रण खरोखरच लीन होते आणि तसेच राहते. चोक अर्धा ओढल्यावर इंजिन सुरळीत चालू लागले, प्लगचे टोक पांढुरके पडले, तर शंकेला जागा राहत नाही. हवेचा स्क्रू फिरवून केवळ आयडलिंग सुधारते. रस्त्यावरच्या वेगासाठी मुख्य जेट एक माप मोठा बसवावा लागतो. त्याआधी कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणारा रबरी भाग तडकला आहे का, ते तपासावे, अन्यथा जेट बदलूनही तक्रार कायम राहते. इथेनॉलचा ऑक्टेन अधिक असल्याने ठोका बसण्याची भीती कमी असते, एवढा दिलासा. ‘इंजिन वितळते’ ही समाजमाध्यमांवरील भाषा त्यामुळे अतिरंजित ठरते.

नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेच शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींत इंधनक्षमता सहा ते सात टक्के, तर तशा दुचाकींत तीन ते चार टक्के घटेल, असा अंदाज दिला होता. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यातील ‘एआरएआय’सह अन्य संस्थांच्या चाचण्यांचा हवाला देत घट किरकोळ असल्याचे सांगितले. त्याच निवेदनात, काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात आणि तो खर्च अल्प असतो, असेही म्हटले होते. लीन मिश्रणाच्या तक्रारींकडे पाहता हे वाक्य निवेदनातील सर्वांत महत्त्वाचे आहे. पण ते किती वाहनधारकांपर्यंत पोहोचले असेल, याविषयी शंका घ्यायला जागा आहे. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय आणि पंपांवर स्पष्ट फलक मागणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

सरकारचा सध्याचा आराखडा ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ई-२० पुरता मर्यादित आहे. त्यापुढे २७ टक्के मिश्रणाची चर्चा आहे. ते प्रत्यक्षात आल्यास हवेचे प्रमाण १३.१ च्या आसपास येईल आणि शुद्ध पेट्रोलवर बेतलेल्या निर्दोष मोटारीचीही ट्रिम अधिक दहाच्या जवळ जाईल, म्हणजे आज जेथून तपास सुरू करावा लागतो नेमक्या तेथे.