चार गोळ्या कापून द्या!

पावसाळ्यात औषधांच्या दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य : "अंग मोडून आलंय, काहीतरी द्या." दुकानदार चिठ्ठी मागत नाही, वयही विचारत नाही. पट्टीतल्या चार गोळ्या कापून हातावर ठेवतो. माझं भांडण गोळीशी नाही, या न विचारण्याशी आहे.

पाय मुरगळला की पेशींच्या आवरणातल्या स्निग्धाम्लापासून शरीर प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं बनवतं. रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा लाल होते, तापते, सुजते, ठणकते. दुरुस्ती करणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे पोहोचाव्यात आणि आपण पाय टेकू नये, यासाठीच हा खटाटोप. ॲस्पिरिन ही रसायनं बनूच देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. गोळी मात्र १८९९ पासून बाजारात होती. सत्तर वर्षं जगाने ती का लागू पडते हे न कळताच गिळली!

अडचण अशी की हीच रसायनं जठराचं अस्तर जपतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. ॲस्पिरिनसारखंच काम करणारं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं की दुखऱ्या पायासोबत तिथलंही त्यांचं काम मंदावतं. (डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन आपली गिधाडं मेली, ती मूत्रपिंडं निकामी होऊनच. गुरांसाठीचं ते औषध २००६ मध्ये बंद झालं.) पोटाला न दुखावणारी गोळी म्हणून १९९९ मध्ये रोफेकॉक्सिब आलं, हृदयविकाराचा धोका वाढतो असं दिसल्यावर २००४ मध्ये कंपनीलाच ते मागे घ्यावं लागलं.

त्याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. सूज नुसती विरत नाही, शरीर ती उतरवतं. त्यासाठी लिपॉक्सिनसारखी वेगळी रसायनं असतात, आणि ती बनवायला सुरुवात करा हा निरोप काही अंशी प्रोस्टाग्लँडिनच देतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे दाह पेटवणाराच तो विझवायची तयारीही करतो.

म्हणून संधिवाताच्या रुग्णाने गोळी सोडावी, असं मी मुळीच म्हणणार नाही. तिथे दाह स्वतःचेच सांधे खातो आणि डॉक्टर तपासण्या करून औषध देतात. प्रश्न आहे तो रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या आजोबांना घरातलं कुणीतरी रोज एक पेनकिलर देतं त्याचा. दम्याच्या काही रुग्णांना तर एका गोळीनेही धाप लागते.

आणि पावसाळा म्हणजे डेंग्यूचे दिवस. त्यात प्लेटलेट्स आधीच घसरलेल्या असतात. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकने रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. तेव्हा ताप आला तर पॅरासिटामॉलच घ्या, तेही ठरलेल्या मात्रेत, आणि रक्त तपासून घ्या. दुकानदाराने दुसरं काही पुढे केलं, तर नाव वाचून परत करा.